शेअरची बटणं आली कुठून, आणि वाचक गेले कुठे

लेखाखाली रंगीत बटणांची रांग येण्याआधी तिथे बहुधा एकच दुवा असे: ‘हा लेख मित्राला ई-मेल करा’. तो कितीजणांनी वापरला, हे बाहेर कुणाला दिसत नसे. २००३ मध्ये डेलिशस आणि २००४ मध्ये डिग ही दुवे जमवणारी संकेतस्थळं आली, आणि लोक आवडलेले दुवे चारचौघांत मांडू लागले, त्यांना मतं देऊ लागले. डिगच्या पहिल्या पानावर लेख चढला की वाचकांच्या लोंढ्यानं लहान संकेतस्थळांचे सर्व्हर बंद पडत. तेव्हा लेखाखालीच मत मागणारं बटण लावणं ओघानं आलं. अशा सेवा वाढल्या, तशी सगळी बटणं एकत्र देणारी ॲडदिस २००६ मध्ये सुरू झाली.

खरी उलथापालथ २०१० ची. फेसबुकनं २१ एप्रिलला लाइकचं बटण बाहेरच्या संकेतस्थळांना खुलं केलं, ऑगस्टमध्ये ट्विटरचं अधिकृत बटण आलं, आणि पुढच्या वर्षी गूगलचं प्लस वन. या साऱ्यात निर्णायक ठरला तो बटणाशेजारचा आकडा, असं माझं ठाम मत आहे. दुवा तर कॉपी करूनही पाठवता येत होता. आकडा मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगे की हे आधी अनेकांना आवडलंय. नव्या लेखकाच्या चांगल्या लेखाखाली शून्य दिसे, आणि वाचण्याआधीच त्याच्याविषयी मत होई. हा अन्याय होता. ट्विटरनं नोव्हेंबर २०१५ मध्ये आपला आकडा काढून टाकला.

बटण फुकट मिळे, पण त्याचा कोड कंपनीच्या सर्व्हरवरून पानात येई. त्यामुळे वाचकानं बटणाला हात लावला नाही तरी त्यानं कोणतं पान उघडलं हे तिकडे कळे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या माहिती संरक्षण कार्यालयानं ऑगस्ट २०११ मध्येच तिथल्या संकेतस्थळांना लाइकचं बटण काढायला सांगितलं. हायजे या जर्मन प्रकाशनानं त्याच वर्षी दोन क्लिकचा उपाय काढला: पहिल्या क्लिकनं बटण सुरू होई, दुसरीनं शेअर. पुढे २९ जुलै २०१९ रोजी फॅशन आयडी या कपडे विकणाऱ्या जर्मन संकेतस्थळाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं ठरवलं, की माहिती गोळा करून फेसबुकला पाठवली जाण्याची जबाबदारी बटण लावणाऱ्या संकेतस्थळावरही आहे. उशिरा आलेला, पण रास्त निकाल.

वाचकवर्ग उभा करायचा तर शेअर आणि फॉलो यांत फरक करावा लागतो. शेअरमुळे नवा माणूस एकदा तुमच्या पानावर येतो. फॉलोमुळे नातं टिकतं, पण त्याची नोंद कंपनीच्या वहीत होते. गूगलचं समाजमाध्यम गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झालं, तेव्हा तिथे जमवलेल्या फॉलोअर्सपर्यंत पोचायचा तो रस्ताच गेला. ॲडदिस ओरॅकलच्या हाती गेली आणि मे २०२३ अखेर बंद झाली. बाहेरच्या संकेतस्थळांवरचं लाइकचं बटणही फेब्रुवारी २०२६ मध्ये बंद करण्याचं फेसबुकची मालक कंपनी मेटानं जाहीर केलं.

आता कंपनीचा कोड न घेताही बटण देता येतं. २०१७ पासून अँड्रॉइडवरचा क्रोम संकेतस्थळाला फोनचीच शेअर-यादी उघडू देतो, आणि कुठे पाठवायचं ते वाचक ठरवतो. त्याच्या शेजारी ई-मेल वर्गणीची चौकट असावी, कारण ती यादी संकेतस्थळाच्या स्वतःच्या हाती राहते.