स्नो स्कूटर, हिमस्खलन आणि हद्दीची रेघ : पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगरहून काश्मीर-मनालीच्या सहली निघतात. कुणी सचखंड एक्स्प्रेसने अमृतसर गाठून पुढे जातं, कुणी विमानाने थेट श्रीनगरला उतरतं. गुलमर्गला पोचल्यावर बहुतेकांना भुरळ घालते ती स्नो स्कूटर. तिचं जगभरातलं नाव स्नोमोबाइल. सपाटीवरची फेरी पाच-दहा मिनिटांत संपते आणि मग ठरलेला प्रश्न येतो : "थोडे पैसे वाढवा, वर नेऊन आणतो." या 'वर'मध्येच सगळं आलं. वरचा उतार कसा आहे, ती जमीन कुणाच्या ताब्यात आहे आणि यंत्र बंद पडलं तर परत कसं यायचं, हे प्रश्न नवे नाहीत. त्यांची उत्तरं शोधतानाच स्नोमोबाइलचे कायदे आणि सुरक्षेच्या पद्धती घडत गेल्या.

यंत्राचा जन्म गरजेतून झाला. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं गाव आहे. १९३४च्या हिवाळ्यात तिथल्या जोसेफ-आर्मंड बोम्बार्डिए या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्स फुटून दगावला. बर्फाने रस्ते बंद होते, दवाखान्यापर्यंत जाता आलं नाही. बोम्बार्डिए आधीपासूनच बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या खटपटीत होता. १९३७मध्ये त्याने दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याच्या रचनेचं पेटंट घेतलं. त्याच्या पहिल्या गाड्या सात ते बारा माणसं बसतील एवढ्या मोठ्या होत्या आणि डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांच्यासाठी वापरल्या जात. १९४८मध्ये क्युबेक सरकारने हिवाळ्यातही रस्ते मोकळे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मोठ्या गाड्यांची मागणी घसरली. पुढे हलकी इंजिनं मिळू लागली आणि १९५९मध्ये एक-दोन माणसांची 'स्की-डू' बाजारात आली. इथे यंत्राचा स्वभाव पालटला. रस्ता बंद असताना माणसाला गावात पोचवणारी गाडी आता त्याला रस्त्यापासून लांब नेऊ लागली.

पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिका-कॅनडात हिवाळ्यातले डोंगर या आवाजाने भरून गेले. हिवाळ्यात हरिणवर्गीय प्राणी साठवलेल्या चरबीवर जगतात. यंत्रामागून यंत्र आलं की ते पळतात आणि ती शिदोरी संपते. शिवाय शांततेसाठी आलेल्या स्कीवाल्यांची तक्रार होतीच. अमेरिकेच्या १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याने राखीव रानात मोटारवाहनांना मनाई केलीच होती. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला की सरकारी जमिनीवर रस्ता सोडून चालणारी वाहनं कुठे चालतील आणि कुठे नाही, हे प्रत्येक खात्याने ठरवून जाहीर करावं. २०१५मध्ये वनखात्याने बर्फावरच्या वाहनांसाठी नियम आणखी पक्का केला : नकाशावर जो भाग खुला दाखवला असेल तेवढाच खुला. पाटी दिसली नाही ही सबब चालत नाही, नकाशा बघणं चालवणाऱ्याचं काम.

ही रेघ किती कडक आहे, ते एका खटल्यात दिसलं. डिसेंबर १९९६मध्ये इंडियानापोलिस ५०० ही मोटारींची शर्यत तीनदा जिंकलेला बॉबी अन्सर आणि त्याचा मित्र कोलोरॅडो-न्यू मेक्सिको सीमेवरच्या डोंगरात हिमवादळात सापडले. स्नोमोबाइल बंद पडल्या, दोन रात्री बर्फात काढून दोघे कसेबसे जिवंत परतले. नंतर अन्सरने यंत्र शोधायला वनखात्याचीच मदत मागितली, आणि तो राखीव रानात शिरला होता हे उघड झालं. न्यायालयाने त्याला दोषी धरून ७५ डॉलर दंड केला. हद्द ओलांडल्याचं त्याला माहीत होतं, हे सिद्ध करण्याची गरज नाही, अशी भूमिका अपील न्यायालयानेही घेतली. दंड किरकोळ, पण शिक्षा कायम राहिली. वादळात दिशा चुकणं हा गुन्हा वाटत नाही हे खरं. तरी खराब हवेत हद्दीजवळ जायचंच नाही, हे त्या निकालाने प्रत्येक चालकाला सांगितलं.

दुसरी रेघ निसर्गाची. पूर्वी खोल भुसभुशीत बर्फात यंत्र रुतायचं, म्हणून चालवणारे वाटेवरच राहायचे. पट्टे लांब झाले, त्यावरच्या रबरी पट्ट्या सहा-सात सेंटिमीटर उंच झाल्या, इंजिनांची ताकद वाढली आणि यंत्रं उभ्या उतारांवर चढू लागली. उतारावर जितकं वर जाता येईल तितकं जाऊन वळून खाली यायचं, ही चढाओढ सुरू झाली आणि हिमस्खलनाचे बळी वाढले. बर्फाची लादी सुटते ती बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. घराचा जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. समोरचा उतार जिन्याइतका किंवा त्याहून उभा दिसला की सावध व्हायचं, असा सोपा अंदाज ठेवावा. इंजिनाच्या आवाजाने हिमस्खलन होतं हा गैरसमज आहे. यंत्र आणि माणूस मिळून तीनेकशे किलो भार बर्फाच्या कच्च्या थरावर येतो, त्याने लादी तुटते. पायथ्याच्या सपाटीवर पडलेल्या भारानेही वरची लादी सुटू शकते, म्हणून खाली उभं राहून बघणारेही सुरक्षित नसतात. सगळ्यात घातक चूक एकच, पुन्हा पुन्हा होणारी : एकाचं यंत्र वर रुतलं की दुसरा मदतीला जातो. उतारावर भार दुप्पट होतो आणि दोघेही सापडतात. नियम असा की उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे बाजूला, यंत्राचं तोंड बाहेर निघायच्या दिशेला.

गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते, ३५ मिनिटांनी ती ३० टक्क्यांवर येते. बाहेरची मदत एवढ्यात येत नाही, सोबतच्यांनीच शोधायचं असतं. त्यासाठीचा ट्रान्सीव्हर, म्हणजे रेडिओ संकेत सोडणारं आणि दुसऱ्याचे पकडणारं छोटं यंत्र, १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झाला. पुढे सगळ्या देशांनी ४५७ किलोहर्ट्झ ही एकच वारंवारता धरली, म्हणून आज कुठल्याही कंपनीचा ट्रान्सीव्हर दुसऱ्याला शोधू शकतो. तो अंगावर कपड्यांच्या आत बांधायचा. फावडं आणि शोधायची लांब सळई असलेली पिशवीही पाठीवरच हवी. ती स्नोमोबाइलवर अडकवली आणि स्नोमोबाइल वाहून गेली तर फावडंही गेलं. शोधताना आधी सगळी इंजिनं बंद, मोबाइल दूर, सगळ्यांचे ट्रान्सीव्हर 'शोध'वर. माणूस शेवटचा दिसला तिथून खालच्या बाजूला शोध घ्यायचा. ट्रान्सीव्हरवरचा अंतराचा आकडा सर्वांत कमी येईल तिथे सळई बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात खुपसायची, मग २५-२५ सेंटिमीटरवर गोल फिरत जायचं. लागली की सळई तशीच ठेवायची आणि उताराच्या खालच्या बाजूने खणत आत शिरायचं. डोक्यावर उभं राहून वरून खणलं तर आतली हवेची पोकळी दबते.

भारतात हा विषय आधी सैन्याच्या गरजेतून हाताळला गेला. हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था १९६९मध्ये मनालीला सुरू झाली. २०२०मध्ये ती संरक्षण खात्याच्या डीजीआरई या संस्थेत विलीन झाली. तिथून हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे निघतात, वर जायच्या आदल्या रात्री आणि सकाळी ते बघावेत. फेब्रुवारी २०२३मध्ये गुलमर्गच्या माथ्यावरच्या अफरवत डोंगराच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात गेले, म्हणजे धोका गुलमर्गच्या अंगणातच आहे.

कायद्याचं म्हणाल तर स्नो स्कूटरसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही, पण हद्दी आहेत. गुलमर्गच्या भोवती वन्यजीव अभयारण्य आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा ३१ ऑक्टोबर २०१९पासून तिथेही लागू आहे आणि अभयारण्यात विनापरवाना शिरणं त्याच्या कलम २७ खाली येतं. आपल्या गौताळा अभयारण्यात वाट सोडून जीप घातली तर जो कायदा लागतो, तोच. रोहतांगच्या बर्फावर काजळी बसू लागली तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने तिथे जाणाऱ्या गाड्यांची संख्या बांधून दिली आणि २०१५मध्ये स्नो स्कूटरसारख्या धंद्यांनाही लगाम घातला. मोटार वाहन कायद्यात वाहनाची व्याख्याच 'रस्त्यावर वापरण्याजोगं' अशी आहे. स्नो स्कूटरला नंबरप्लेट नसते आणि रस्त्यावरच्या गाडीला सक्तीचा असलेला विमा तिच्यामागे असेल असं धरून चालता येत नाही. त्यामुळे स्वतःच्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळले आहेत का, हे निघण्याआधी वाचावं. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय बाळगणं भारतात गुन्हा आहे. परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेलं यंत्र विमानतळावरच अडचणीत आणतं. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, गटात किमान दोघांकडे पोस्टपेड हवं.

स्वतः चालवायला मिळणार असेल तर हात कुठे असतो ते आधी नीट बघावं. मोटारसायकलची मूठ पिळून वेग वाढतो, इथे उजव्या अंगठ्याखाली एक लहान खटका असतो. तोल गेला की माणूस मूठ घट्ट आवळतो, अंगठाही दाबला जातो आणि यंत्र थांबायच्या ऐवजी उसळतं. ब्रेक फक्त डाव्या हाताला, पायात काही नसतं. हँडलजवळून निघणारी वळीदार दोरी जॅकेटला अडकवायची असते, पडलो की ती सुटते आणि इंजिन बंद होतं. दोरी तुटलेली किंवा तिच्या जागी वायर गुंडाळलेली दिसली तर त्या यंत्रावर बसूच नये. साडीचा पदर, ओढणी, मफलरचं टोक जॅकेटच्या आत खोचून वरून चेन लावावी, कारण मागे बसणाऱ्याच्या पायाशीच पट्टा फिरत असतो. यंत्र रुतलं तर खटका लगेच सोडायचा. जोर लावत राहिलं की पट्टा खाली खड्डा खणत जातो. पुढचा बर्फ पायांनी तुडवून घट्ट करायचा, पट्ट्यामागचा उकरायचा, मग हळू वेगात बाहेर काढायचं. धूर निघायची नळी बर्फात बुडालेली असेल तर इंजिन चालू ठेवून शेजारी बसू नये, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

लांबच्या फेरीत पेट्रोलचे तीन भाग करतात : एक जायला, एक यायला, एक राखून. भुसभुशीत बर्फात खप वाटेवरच्यापेक्षा बराच वाढतो, म्हणून काटा एक तृतीयांश उतरला की, कितीही पुढे जावंसं वाटलं तरी, तिथूनच वळायचं.