आधी सोडियम बघा

नागपूरचं डागा रुग्णालय असो की मेयो, प्रसूती वॉर्डाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: पेढे आणायचे की बर्फी? बाळंतीण कशी आहे, हे त्यानंतर. दर साडेचार-पाच हजार जन्मांमागे एखादं बाळ मात्र असं असतं, की त्याच्या जननांगांकडे बघून डॉक्टरांनाही लगेच उत्तर देता येत नाही. शरीराची ठेवण अशी ठरलेल्या मुलगा-मुलगी साच्यात न बसणाऱ्यांना इंटरसेक्स म्हणतात. जन्माआधी लिंग सांगणं आपल्याकडे गुन्हा, आणि जन्मानंतर ते सांगायला चार दिवस लागले तर घरच्यांना तोंड दाखवायची चोरी. मग ‘एकदाचं ऑपरेशन करून टाका’ अशी मागणी येते. ती बहुतेकदा बाळासाठी नसतेच.

मुळात पहिले सहा-सात आठवडे गर्भाला दोन्ही वाटा मोकळ्या असतात. वाय गुणसूत्रावरचा एसआरवाय जनुक (तो सापडला १९९० मध्ये) कामाला लागला की वृषणं घडू लागतात. त्यांतलं एक संप्रेरक गर्भाशयाची तयारी जिरवून टाकतं, टेस्टोस्टेरॉन पुरुषी नलिका टिकवतं, आणि बाहेरचे अवयव घडायला टेस्टोस्टेरॉनचं आणखी जोरकस रूप लागतं. ते बनवणारं विकर (एन्झाइम) वेगळंच. एवढ्या पायऱ्या म्हटल्यावर कुठेतरी वेगळं घडणारच. कुणाच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला दादच देत नाहीत: गुणसूत्रं एक्सवाय, पण बाहेरून चारचौघींसारखी मुलगी. पत्ता लागतो तो सोळाव्या-सतराव्या वर्षी, पाळी येईना म्हणून सोनोग्राफी केल्यावर. कुणात ते विकर कमी असतं, आणि मुलगी म्हणून वाढलेल्या मुलाचा वयात येताना आवाज फुटतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या अशा कुटुंबांवरचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेकांनी मोठेपणी पुरुष म्हणून जगणं पत्करलं. तान्हेपणीच कापाकापी करून त्यांना कायमचं ‘मुलगी’ केलं असतं तर?

खरी घाई असते ती एका वेगळ्याच ठिकाणी. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवतात. त्यासाठी लागणारं विकर जन्मतःच नसेल, तर मेंदू ग्रंथींना आणखी जोर लावायला सांगत राहतो आणि सगळा कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. या आजाराला डॉक्टर सीएएच म्हणतात. एक्सएक्स गुणसूत्रांची बाळं यामुळे बाहेरून मुलासारखी दिसू शकतात. आत गर्भाशय आणि बीजांडकोश ठीकठाक असतात, पुढे मूलही होऊ शकतं. धोका दिसण्यात नाहीच. आजाराच्या तीव्र प्रकारात शरीरातलं मीठ धरून ठेवणारं संप्रेरकही बनत नाही. साधारण दुसऱ्या आठवड्यात सोडियम घसरतं, पोटॅशियम चढतं, बाळ ओकतं, दूध ओढत नाही, मलूल पडतं. ‘दूध पचत नाही’ म्हणत घरात दोन दिवस गेले तरी जिवावर बेतू शकतं. गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, ज्या मुलीला बघून सगळे हादरतात, तिची तपासणी तरी होते. हाच आजार असलेला मुलगा चांगला दिसतो, पेढे वाटून घरी जातो आणि उलट्या-जुलाबाचा रुग्ण म्हणून परत येतो.

सोडियम-पोटॅशियमचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. टाचेतून घेतलेल्या रक्तथेंबांवरून निदानाची दिशा कळते. उपचार म्हणजे न बनणाऱ्या संप्रेरकांच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन ही औषधं आणि तान्ह्या वयात वरून मीठ. नागपूरच्या मे महिन्यात घामावाटे मीठ जातं, तेव्हा त्या मिठाचा हिशेब डॉक्टरांकडून पुन्हा करून घ्यावा लागतो. या सगळ्यात चाकूचं काम कुठेच नाही.

तरी चाकू आला. १९५० च्या दशकात अमेरिकेत जॉन मनी या मानसशास्त्रज्ञानं मांडलं की लहानपणीच अवयव ‘नीट’ करून तसं वाढवलं, की मूल तसंच घडतं. जगभर तेच सुरू झालं. ती मुलं मोठी झाली आणि बोलू लागली: संवेदना गेलेली, व्रण, पुन्हा पुन्हा ऑपरेशनं, काहींच्या बाबतीत मूल होण्याची शक्यताच संपलेली. लघवीचा मार्ग अडलेला असेल, तर शस्त्रक्रिया हवीच. काही प्रकारांत पोटातल्या जननग्रंथीत गाठ होण्याचा धोका खराच मोठा असतो. पण टेस्टोस्टेरॉनला पूर्ण दाद न देणाऱ्या मुलींमध्ये वयात येण्याआधी तो कमी असतो, थांबता येतं. ‘दिसायला बरं’ हे कारण मात्र बाळाचं नव्हे.

माल्टानं २०१५ मध्ये कायद्यानं अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. आपल्याकडे सुरुवात झाली ती एका विवाह नोंदणीच्या वादातून. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाचे न्यायमूर्ती जी. आर. स्वामीनाथन यांनी त्याच निकालात इंटरसेक्स बाळांवरच्या अशा शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं. पालकांनी दिलेली संमती ही मुलाची संमती होत नाही, असा त्यातला मुद्दा आहे. ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारनं बंदीचा आदेश काढला, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद ठेवून. त्याच वर्षीच्या केंद्राच्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यानं इंटरसेक्स व्यक्तीची व्याख्या केली, पण ट्रान्सजेंडरच्या खात्यात टाकून. यातला एक मुद्दा शरीराचा, दुसरा स्वतःच्या ओळखीचा. दोन्ही एकत्र बांधून, बाळांवरची कापाकापी मात्र त्या कायद्यानं रोखली नाही.

मद्रासचा निकाल आपल्या नागपूर खंडपीठावर बंधनकारक नाही, तरी दाखला म्हणून मांडता येतो. तो ज्यावर उभा आहे, तो सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा, तृतीयपंथीयांच्या हक्कांचा नालसा निकाल तर सगळ्या देशाला लागू आहे. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या कुठल्याही बाळासाठी सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर खंडपीठाचं दार आहे. वकिलाच्या फीची काळजी असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्यानं लहान मुलांना मोफत वकील मिळतो, बापाचं उत्पन्न विचारलं जात नाही.

कागदांची धास्तीही वाटते तेवढी खरी नाही. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते आणि गुणसूत्रांच्या तपासणीला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणजे ओढाताण होते हे कबूल. पण नाव नंतर नोंदवता येतं, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायची तरतूद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच आहे.

जपायचे कागद वेगळेच आहेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांना भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं सांभाळाव्या लागतात. मागितल्यास ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. तान्हेपणी काय तपासलं, काय काढलं, हे मूल अठरा वर्षांचं होऊन विचारायला जाईल तेव्हा फाइल असेलच असं नाही. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच गुणसूत्रांचा रिपोर्ट, संप्रेरकांचे आकडे आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर तिची टिपणं लेखी अर्ज करून मागून घ्यावीत, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.