स्वमग्नता आणि सायकोसिस : निदानातील सरमिसळ

स्वमग्नता (ऑटिझम) ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित, बालपणापासून सोबत असणारी अवस्था आहे. सायकोसिस म्हणजे वास्तवाचे भान सुटणे. त्यात नसलेले आवाज ऐकू येतात (भास), पुरावा दाखवूनही न ढळणाऱ्या चुकीच्या समजुती धरल्या जातात (भ्रम), बोलण्या-विचारातील संगती तुटते. तो स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकारात दिसतो, तसाच तीव्र नैराश्य, उन्माद, नशा, अपस्मार आणि काही शारीरिक आजारांतही दिसतो. या दोन गोष्टी मुळात निराळ्या. तरी घाईच्या तपासणीत एक दुसरीसारखी वाटते, आणि काही माणसांत दोन्ही खरोखरच एकत्र असतात.

सरमिसळीची मुळे जुनी आहेत. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉयलर यांनी ‘ऑटिझम’ ही संज्ञा घडवली ती स्किझोफ्रेनियाच्याच एका लक्षणासाठी. १९११ च्या त्यांच्या ग्रंथात तिचा अर्थ बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्या अंतर्विश्वात राहणे असा होता. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेव्हा यांनी १९२० च्या दशकात सहा मुलग्यांची बारकाईने वर्णने केली. ती आज वाचताना स्वमग्नता लगेच ओळखू येते, पण त्या काळी त्यांना ‘स्किझॉइड’ (स्किझोफ्रेनियाशी नाते सांगणारे) हेच नाव मिळाले. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदींवरून ही स्वतंत्र अवस्था असल्याचे मांडले. तरीही अमेरिकेच्या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेच्या (डीएसएम) १९५२ आणि १९६८ च्या आवृत्त्यांनी अशा मुलांना बालपणीच्या स्किझोफ्रेनियातच बसवले. ब्रिटनमध्ये इस्रायल कोल्विन यांनी १९७१ मध्ये लक्षणे सुरू होण्याच्या वयाप्रमाणे मुलांची तुलना केली. पहिल्या तीन वर्षांत सुरुवात झालेली मुले आणि शाळेच्या वयात सुरुवात झालेली मुले लक्षणांतही वेगळी निघाली आणि कौटुंबिक इतिहासातही. पुस्तिकेच्या १९८० च्या आवृत्तीत अखेर दोन्ही निदाने वेगळी झाली. हे वेगळे करणे गरजेचेच होते. मात्र त्यातून ‘एक असेल तर दुसरे नसणार’ असा नवा समज रुजला, आणि तोही बरोबर नव्हता.

डॉक्टरांसमोर बसलेला तरुण नजरेला नजर देत नाही, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, उत्तरे तुटक देतो, मित्र नाहीत, स्वतःशी पुटपुटतो. हे सगळे स्वमग्नतेत असते आणि स्किझोफ्रेनियाच्या ज्या लक्षणांना ‘नकारात्मक लक्षणे’ (भावना, बोलणे, मिसळणे कमी होत जाणे) म्हणतात त्यांतही असते. पुटपुटणे म्हणजे ऐकलेले संवाद पुन्हा म्हणणे असू शकते किंवा भासातल्या आवाजाला दिलेले उत्तर असू शकते. स्वमग्नतेच्या तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी ‘एडॉस’ चाचणीसुद्धा स्किझोफ्रेनिया असलेल्या प्रौढांना कधीकधी स्वमग्न ठरवते, कारण ती समोर दिसणारे वागणे मोजते.

प्रश्न विचारण्याच्या पद्धतीमुळेही घोटाळा होतो. ‘तुला आवाज ऐकू येतात का?’ या प्रश्नाला शब्दशः अर्थ घेणारा मुलगा प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो. शेजारचा मिक्सर त्याला ऐकू येतच असतो. ‘इतरांना ऐकू न येणारे आवाज?’ असे विचारले तरी उत्तर ‘हो’ येऊ शकते, कारण ट्यूबलाइटची गुणगुण त्याला छळते आणि घरच्यांच्या ती लक्षातही येत नाही. ‘लोक तुझ्यावर हसतात असे वाटते का?’ या प्रश्नाचेही तेच. स्वमग्न मुलांना शाळा-कॉलेजात खरोखरच चिडवले जाते. त्यांच्या खऱ्या अनुभवाला भ्रम ठरवणे हा अन्याय आहे. म्हणून आवाज कुठून येतो, काय बोलतो, कानावर हात ठेवल्यावर थांबतो का, हे सुटे सुटे विचारावे लागते.

निदानाची खरी किल्ली बालपणाच्या इतिहासात असते. स्वमग्नतेच्या खुणा सहसा पहिल्या काही वर्षांतच असतात, जरी त्या ओळखल्या उशिरा गेल्या तरी. सायकोसिस बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो, आणि त्यात माणूस आधीच्या पातळीवरून खाली येतो. ‘हा पहिल्यापासून असाच आहे’ आणि ‘हा पूर्वी असा नव्हता’ या आईच्या दोन वाक्यांत पुष्कळ निदान सामावलेले असते. २०१३ च्या अमेरिकी पुस्तिकेचा नियमही हाच धागा धरतो : आधीपासून स्वमग्नता असलेल्या व्यक्तीत स्किझोफ्रेनियाचे निदान करायचे, तर इतर लक्षणांबरोबर ठळक भास किंवा भ्रम किमान एक महिना असायला हवेत. अबोलपणा आणि एकटेपणा तेवढ्यासाठी पुरत नाही. आपल्याकडे तिशीतला माणूस पहिल्यांदा तपासणीला येतो तेव्हा बालपणाची लेखी नोंद क्वचितच असते. अशा वेळी आई-वडील, मावशी, जुने शिक्षक यांच्याशी बोलण्यासाठी वेळ काढणे हे तपासणीचेच काम आहे.

दोन्ही एकत्र असण्याचे प्रमाणही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात स्वमग्न व्यक्तींमध्ये स्किझोफ्रेनिया गटातील आजारांचे प्रमाण सुमारे ४ टक्के आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा हे काही पटींनी जास्त आहे. गुणसूत्र २२ वरील एक छोटा तुकडा गळालेला असेल, तर दोन्हींचा धोका वाढतो. याउलट बर्नार्ड क्रेस्पी आणि क्रिस्टोफर बॅडकॉक या संशोधकांनी २००८ मध्ये या अवस्था सामाजिक मेंदूच्या, म्हणजे इतरांना समजून घेणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेच्या, दोन विरुद्ध टोकांना आहेत असे मांडले. तो वाद अजून मिटलेला नाही.

कॅटाटोनियाकडे, म्हणजे हालचाल आणि बोलणे थिजण्याच्या अवस्थेकडे, विशेष लक्ष हवे. किशोरवयीन स्वमग्न मुलगा हळूहळू थिजत जातो, दारात अडकून उभा राहतो, घास हातात धरून बसतो. ब्रिटनमधील तज्ज्ञ लॉर्ना विंग आणि अमिता शाह यांनी २००० मध्ये त्यांच्या केंद्रात आलेल्या १५ वर्षांवरील स्वमग्न व्यक्तींपैकी १७ टक्क्यांत हे नोंदवले. याला सायकोसिस समजून सायकोसिसविरोधी औषध वाढवले तर प्रकृती बिघडू शकते. लोराझेपाम हे यावरचे पहिले औषध. दुसरीकडे रिस्पेरिडोन हे सायकोसिसचे औषध स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठीही दिले जाते, अमेरिकेत त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे चिठ्ठीवर ते नाव दिसले म्हणून मुलाला सायकोसिस आहे असा अर्थ घरच्यांनी काढू नये.

भारतात निदानाचा परिणाम कागदावरही होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नता आणि मानसिक आजार या स्वतंत्र नोंदी आहेत. पहिलीचे मोजमाप ‘इसा’ या मोजपट्टीने होते, दुसरीचे ‘आयडियाज’ने. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ स्वमग्नतेला लागू आहे, मानसिक आजाराला नाही. म्हणून अठरा वर्षांनंतरचे कायदेशीर पालकत्व आणि ‘निरामय’ आरोग्य विमा यांची त्या कायद्याखालील सोय, केवळ स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसलेल्या स्वमग्न प्रौढाला मिळत नाही.