फोटोची ‘क्वालिटी’: एका आकड्याची पार्श्वभूमी

डिजिटल फोटो सांभाळण्याविषयी जे सल्ले दिले जातात, त्यांत ‘क्वालिटी’ हा शब्द कधी सेव्ह करताना निवडायच्या आकड्यासाठी येतो, कधी साठवणसेवेतील एखाद्या पर्यायाच्या नावात येतो आणि कधी डोळ्यांना दिसणाऱ्या दर्जासाठी वापरला जातो. या अर्थांची सरमिसळ आजची नाही. ती जेपीईजी हे फोटो लहान फाइलमध्ये साठवण्याचे आजही सर्रास वापरले जाणारे स्वरूप वापरात आले त्याच काळात सुरू झाली.

जेपीईजीच्या मुळाशी असलेले गणित १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मांडणारा प्रमुख अभियंता मूळचा बंगळूरचा होता. त्याच्या आधारे चित्र साठवण्याची सर्वमान्य पद्धत ठरवण्यासाठी १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय समिती बसली आणि १९९२ मध्ये मानक तयार झाले. चित्राचे ८ × ८ बिंदूंचे ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळ्यातील ढोबळ छटा आणि बारीक तपशील यांची ६४ आकड्यांत विभागणी करायची, प्रत्येक आकड्याला तक्त्यात दिलेल्या भाजकाने भागायचे आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात बसवायचे, अशी ही रीत आहे. या पूर्णांकात बसवण्यातच मुख्य नुकसान होते. बारीक तपशिलाचे भाजक मोठे असल्यामुळे त्यांची उत्तरे बहुधा शून्य येतात, आणि फाइल लहान होते ती मुख्यतः या शून्यांमुळे.

मानकाने भाजकांचे तक्ते केवळ नमुन्यादाखल दिले होते. त्यात ‘क्वालिटी’ नावाचा कोणताही आकडा नव्हता. तो आला १९९१ मध्ये, मानक अंतिम होण्याच्या आधीच, काही स्वयंसेवकांनी मोफत उपलब्ध करून दिलेल्या आणि पुढे असंख्य प्रोग्रॅमांनी उचललेल्या सॉफ्टवेअरमधून. त्यात ५० म्हणजे नमुन्याचा तक्ता जसाच्या तसा, ७५ म्हणजे सगळे भाजक निम्मे, ९० म्हणजे एक पंचमांश आणि १०० म्हणजे सगळे भाजक १. उजेड आणि रंग यांचे तक्ते वेगळे असतात; उजेडाच्या तक्त्यातील पहिला भाजक १६ आणि शेवटचा ९९ आहे. ७५ वर ते ८ आणि ५० होतात, तर ९० वर ३ आणि २०. यात टक्केवारी कुठेच नाही, आणि ही मोजपट्टी टक्क्यांची नाही असे त्या मंडळींनी सोबतच्या माहितीत लिहूनही ठेवले होते. परंतु ० ते १०० अशी पट्टी आणि शेजारी ‘क्वालिटी’ हा शब्द दिसल्यावर वापरणाऱ्यांनी त्याचा अर्थ शाळेतल्या गुणांसारखा लावला, यात त्यांना फारसा दोष देता येत नाही. ९० ठेवले म्हणजे दहा टक्के गेले, आणि १०० ठेवले म्हणजे काहीच गेले नाही, ही समजूत तेव्हापासून टिकून आहे. वस्तुतः १०० वरही आकडे पूर्णांकात बसवले जातातच, त्यामुळे थोडे नुकसान होते.

पुढे गोंधळ वाढला. संपादनाच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरने ० ते १२ अशी पट्टी आणि स्वतःचे वेगळे तक्ते वापरले. कॅमेऱ्यांनी ‘फाइन’, ‘नॉर्मल’ असे शब्द घेतले. काही प्रोग्रॅम रंगाचा तपशील उभा-आडवा निम्म्यावर आणतात आणि ही गोष्ट क्वालिटीच्या आकड्यातून कळत नाही. त्यामुळे एका प्रोग्रॅममधले ९० आणि दुसऱ्यातले १० यांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. आकडा लहान ठेवा की मोठा, यावर इतकी वर्षे जो काथ्याकूट चालला आहे, त्यातला बराचसा मोजपट्टीच एक नसल्यामुळे चाललेला आहे.

फाइल नुसती उघडून पाहिल्याने किंवा दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्याने तिचा दर्जा उतरत नाही. बदल करून पुन्हा जेपीईजीमध्ये सेव्ह केली की पूर्णांकाचा खेळ नव्याने होतो, आणि मधल्या काळात फोटो वरून किंवा डावीकडून दोन-चार बिंदू कापलेला असेल तर ठोकळ्यांच्या सीमाही सरकतात, म्हणून नुकसान अधिक होते. फोटो आडव्याचा उभा करण्यासाठी पुन्हा कॉम्प्रेस करावे लागत नाही. ठोकळे तसेच ठेवून ते फिरवणारे मोफत साधन १९९८ मध्येच उपलब्ध होते, जरी ते बिनचूक चालायला चित्राची लांबी-रुंदी ठोकळ्यांच्या पटीत असावी लागते. तरीही फोटो पाहण्याचे काही प्रोग्रॅम त्यानंतरही पुन्हा कॉम्प्रेस करूनच तो फिरवत राहिले. ज्यांत काहीच गळत नाही असे टिफ आणि १९९६ मधले पीएनजी हे पर्याय होते, पण छायाचित्रासाठी त्यांच्या फाइली अवजड होत. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ माहिती, जपून ठेवायची आणि बदलांची नोंद वेगळी लिहायची, हा मार्ग हौशी छायाचित्रकारांमध्ये रुळला तो २००० नंतरच्या दशकात.

खरा वाद झाला तो २०१५ नंतर. त्या वर्षी एका मोठ्या कंपनीने फोटो साठवण्याची सेवा सुरू केली आणि तिच्यात ‘हाय क्वालिटी’ नावाचा पर्याय अमर्याद व मोफत दिला. १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो त्यात लहान केले जात आणि त्याहून लहान असलेलेही पुन्हा कॉम्प्रेस होत. जसेच्या तसे ठेवायचे असतील तर ‘ओरिजिनल’ निवडून ठरलेल्या जागेतली जागा खर्चावी लागे. फोनच्या पडद्यावर फरक ओळखू येत नाही, असा या पर्यायाचा बचाव केला जाई आणि तो बहुतेक फोटोंपुरता खराही होता. परंतु ज्याला ‘उच्च दर्जा’ म्हटले आहे ते मूळ नसते, हे किती जणांच्या लक्षात आले असेल? फोनमधली मूळ प्रत पुसून जागा मोकळी करणाऱ्यांकडे नंतर मोठे प्रिंट काढायला ती कॉम्प्रेस केलेली प्रतच उरली. १ जून २०२१ पासून मोफत अमर्याद साठवण बंद झाली, आणि त्याच पर्यायाचे नाव बदलून जागा वाचवणारा असे झाले. अर्थाला धरून असलेले हे नाव सहा वर्षे आधी द्यायला हरकत नव्हती. निरोप पाठवण्याच्या ॲपमध्ये २०२३ मध्ये आलेल्या ‘एचडी’ या शब्दाचीही तीच गत आहे: तो नेहमीच्या पाठवणीपेक्षा सरस असतो, पण मूळ फाइल नसतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावरच पोहोचते.

आपल्याकडे याला आणखी एक कंगोरा आहे. बँकभरतीच्या ऑनलाइन अर्जात फोटो २० ते ५० केबीमध्ये बसवावा लागतो. ही मर्यादा गाठताना अनेक जण एकुलत्या एक प्रतीवरच सेव्ह करतात आणि स्टुडिओत काढलेला फोटो कायमचा ठोकळेबाज होऊन बसतो. २०१७ पासून काही फोन हाइक (HEIC) या जेपीईजीहून वेगळ्या, नव्या स्वरूपात फोटो काढू लागल्यावर ते जेपीईजी करून घेण्याची एक पायरी वाढली, म्हणजे कॉम्प्रेशनची आणखी एक फेरी.

२०२२ मध्ये मंजूर झालेल्या जेपीईजी एक्सएल या स्वरूपात जुनी जेपीईजी फाइल सुमारे २० टक्के लहान करून ठेवता येते आणि हवी तेव्हा बिट न् बिट पूर्ववत मिळवता येते. तिच्यातले पूर्णांक बदलतच नाहीत. त्याच वर्षी एका प्रमुख ब्राउझरने या स्वरूपासाठी दिलेली प्रायोगिक सोय काढून टाकण्याचे जाहीर केले.