मसूर, श्पेट्सले आणि व्हिनेगर: श्वाबेनच्या घरगुती जेवणाची पार्श्वभूमी

जर्मन जेवण म्हटलं की बहुतेकांना सॉसेज, बटाटे आणि आंबवलेला कोबी आठवतो. नैर्ऋत्येकडच्या श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्ट, ट्युबिंगन, उल्म या पट्ट्यात, घरचं पोटभर जेवण म्हणजे ‘लिन्झन मिट श्पेट्सले’. अख्खा मसूर भाज्यांबरोबर शिजवायचा, तपकिरी भाजलेल्या पिठाने दाट करायचा आणि व्हिनेगर घालून आंबट करायचा. त्याशेजारी श्पेट्सले, म्हणजे अंड्याच्या सैल पिठाचे उकळत्या पाण्यात सोडलेले लांबट, ओबडधोबड तुकडे आणि वर उकडलेल्या सॉसेजची जोडी. या पदार्थाची कृती छोटी आहे, पण तिच्यात काही पायऱ्या नवख्याला विचित्र वाटतात. पीठ इतका वेळ का घोटायचं, आंबट अगदी शेवटीच का घालायचं, मसुरात पुन्हा गव्हाचं पीठ कशाला? याची निम्मी उत्तरं रसायनशास्त्रात आहेत आणि निम्मी श्वेबिश आल्ब नावाच्या पठारावर.

आल्ब हे चुनखडीचं पठार आहे. त्याचे बरेच भाग समुद्रसपाटीपासून 700 ते 1000 मीटर उंचीवर आहेत. पाऊस चांगला पडतो, पण चुनखडीच्या भेगांतून पाणी थेट खाली जातं आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. वर मातीचा थर पातळ, दगड भरपूर आणि थंडी लांबलेली. 1871 मध्ये दरीतलं पाणी पंपाने वरच्या गावांना मिळू लागलं. तोपर्यंत लोक छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवत आणि गुरांना गावतळ्यावर नेत. अशा जमिनीत भरघोस पीक येत नाही, पण मसूर येतो. त्याला खत फारसं लागत नाही, कारण मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात.

मसुराची अडचण म्हणजे त्याचा देठ. तो नाजूक असल्यामुळे पीक लोळतं आणि ओल्या हवेत शेंगा कुजतात. म्हणून आल्बवर मसूर एकटा पेरत नसत. सोबत बार्ली किंवा ओट पेरायचे, म्हणजे वेलाला आधार मिळतो. कापणी एकत्र होते आणि मग दोन्ही धान्यं चाळून वेगळी करावी लागतात. हे काम किचकट आहे. शिवाय मसूर कधी भरभरून येतो, तर कधी बियाण्याइतकाही हाती लागत नाही.

त्यात जमीन वाटून घेण्याची रीत होती. व्युर्टेम्बर्गच्या, म्हणजे हा भाग ज्यात येई त्या राज्याच्या, मोठ्या भागात बापाची जमीन सगळ्या मुलामुलींत सारखी वाटली जाई. दोन-तीन पिढ्यांत शेताच्या पट्ट्या इतक्या अरुंद झाल्या की त्यावर कुटुंब पोसणं कठीण व्हायचं. ज्या महाराष्ट्रात 1947 मध्ये तुकडेबंदीचा कायदा करावा लागला, तिथल्या वाचकाला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. श्वाबेनमधल्या काटकसरीचं कौतुक खूप होतं, पण तिचं मूळ या पट्ट्यांत आहे. रोजचं खाणं म्हणजे ओट किंवा डिंकल गव्हाची लापशी. मांस सणावारी. अंडी आणि लोणी बाजारात विकायचे जिन्नस, कारण रोख पैसा त्यांतूनच येई.

या गरिबीचा सर्वांत कठीण काळ 1816-17 चा. एप्रिल 1815 मध्ये इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरच्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याच्या धुरळ्याने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. व्युर्टेम्बर्गमध्ये पिकं शेतातच सडली आणि धान्याचे भाव आकाशाला भिडले. ऑक्टोबर 1816 मध्ये गादीवर आलेला राजा विल्हेल्म पहिला आणि त्याची रशियन राणी कातारिना यांनी दुष्काळ निवारणाबरोबर शेतीसुधारणाही हाती घेतली. 1818 मध्ये होहेनहाइमला कृषिशाळा निघाली, तेच आजचं होहेनहाइम विद्यापीठ. त्याच वर्षी राज्याची बचत बँक सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये श्टुटगार्टजवळच्या कानश्टाटला पहिलं कृषिप्रदर्शन भरलं. आज श्टुटगार्टचा जो मोठा शरद ऋतूतला उत्सव पर्यटक बिअरसाठी गाठतात, तो याच प्रदर्शनातून वाढला.

आता श्पेट्सलेकडे. 1725 मध्ये रोझिनो लेंटिलिओ या व्युर्टेम्बर्गच्या राजवैद्याने पिठाच्या पदार्थांची नोंद करताना याच कुळातली नावं लिहून ठेवली आहेत, म्हणजे पदार्थ तेव्हा रुळलेला होता. पीठ बहुतेक डिंकलचं. डिंकल हा गव्हाचा जुना प्रकार खडकाळ जमीन आणि थंडी सोसतो. त्याचं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, मऊ आणि ताणलं जाणारं असतं. लांब, पातळ तुकडे न तुटता पाण्यात सोडायला असंच पीठ हवं. पण गरिबाघरच्या पिठात पाणी जास्त आणि अंडं नावाला असे. आजचं ‘100 ग्रॅम पिठाला एक अंडं आणि वर एक जास्तीचं’ हे घरोघरचं प्रमाण सुबत्तेनंतरचं आहे. मसुराबरोबर सॉसेजची जोडी ठेवणंही तसंच, आधी फार तर धुरावलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा असे. म्हणून हे ताट ‘शेकडो वर्षं जसंच्या तसं’ आलेलं आहे, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. घटक जुने आहेत, ताट बरंच अलीकडचं आहे. ‘श्वेबिश श्पेट्सले’ या नावाला युरोपीय संघाचं संरक्षित भौगोलिक मानांकन मिळालं ते 2012 मध्ये.

चार माणसांसाठी 400 ग्रॅम पीठ, 5 अंडी, एक चहाचा चमचा मीठ आणि 100 ते 150 मिलिलिटर पाणी लागतं. जर्मनीत यासाठी किंचित रवाळ दळलेलं पीठ मिळतं. आपल्याकडे 300 ग्रॅम मैदा आणि 100 ग्रॅम चिरोटी रवा मिसळला की जवळपास तोच पोत येतो. नुसत्या मैद्याचे श्पेट्सले चिकट होतात. आधी 100 मिलिलिटरच पाणी घालावं, कारण आपल्याकडची अंडी लहान-मोठी असतात आणि सैल झालेलं पीठ सावरताना प्रमाण बिघडतं. लाकडी चमच्याने पीठ भांड्याच्या कडेवर आपटत पाच ते आठ मिनिटं फेटायचं. बुडबुडे दिसू लागले, पीठ चकचकीत झालं आणि चमचा उचलल्यावर ते धारेसारखं न वाहता जड होऊन तुटत तुटत पडलं, की झालं. या फेटण्याने ग्लुटेनची जाळी तयार होते आणि तुकडा उकळत्या पाण्यात विरघळत नाही. मग 20 ते 30 मिनिटं झाकून ठेवावं, म्हणजे रवा पाणी पितो.

पारंपरिक साधन म्हणजे मूठ असलेली लाकडी फळी, पुढची कड तासून पातळ केलेली. फळी आणि रुंद पात्याची सुरी पाण्यात बुडवून ओली करायची. दोन चमचे पीठ फळीवर घेऊन कडेकडे पातळ पसरायचं आणि सुरीने तीन-चार मिलिमीटरची पट्टी कापत थेट मिठाच्या पाण्यात ढकलायची. दर दोन-तीन पट्ट्यांनंतर सुरी पुन्हा पाण्यात बुडवावी लागते. कोरडं पातं पीठ ओढून नेतं आणि पट्टीऐवजी गोळा पडतो. हात बसेपर्यंत तुकडे जाड-बारीक होतात आणि ते तसेच चांगले लागतात, कारण खडबडीत कडांना रस धरतो. ही फळी नसेल तर बुंदीच्या झाऱ्यातून पीठ चमच्याने दाबून पाडता येतं. त्याने गोल मणी पडतात. श्वाबेनमध्ये त्यांना क्नोप्फ्ले म्हणतात आणि त्यांनाही तोच मान आहे.

पाणी भरपूर हवं, किमान 3 लिटर, आणि मंद उकळतं. खळखळून उकळलं तर तुकडे फुटतात आणि पाणी पिठूळ होतं. तुकडे वर तरंगले की अर्ध्या मिनिटात झाऱ्याने काढायचे. एका वेळी दोन-तीन फळ्यांइतकंच पीठ सोडावं, नाहीतर पाणी थंड होतं आणि तुकडे तळाशी एकमेकांना चिकटतात. काढलेले श्पेट्सले कोमट पाण्यातून फिरवून, थोड्या लोण्यात घोळवून झाकून ठेवावेत. पहिल्या खेपेतला एक तुकडा मधोमध कापून पाहावा. आत कच्च्या पिठाची पांढरी रेघ दिसली तर पीठ घट्ट आहे, त्यात चमचाभर पाणी घालून पुन्हा फेटावं.

मसुराचं नशीब मात्र मध्यंतरी फिरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशातून स्वस्त मसूर येऊ लागला, मजुरी वाढली, आणि बार्लीतून मसूर वेगळा करत बसणं कुणालाच परवडेना. 1960 च्या सुमारास आल्बवरचं मसुराचं पीक जवळपास संपलं. त्याबरोबर ‘श्पेट्स आल्बलिन्झ’ या स्थानिक वाणाचे मोठ्या आणि लहान दाण्याचे दोन्ही प्रकार जर्मनीतून नाहीसे झाले. 1980 च्या दशकात लाउटराख गावात सेंद्रिय शेती करणाऱ्यांनी मसूर पुन्हा पेरला, पण बी फ्रेंच वाणाचं होतं. जुनं बी 2006 मध्ये सापडलं, तेही रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाव्हिलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहात. दुसऱ्या महायुद्धात शहराला वेढा पडला असताना याच संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांनी उपासमारीने प्राण सोडले, पण संग्रहातल्या बियाण्याला हात लावला नाही. तिथून आलेले मूठभर दाणे वाढवून वाढवून शेतापर्यंत पोचायला काही वर्षं गेली. आज हा मसूर ‘आल्ब-लायझा’ या नावाने विकला जातो. तो महाग आहे, आणि बार्लीच्या आधाराने वाढवून चाळावा लागतो हे लक्षात घेतलं तर ती किंमत रास्तच आहे.

मसूर शिजवताना दोन गोष्टी आड येतात, कॅल्शियम आणि आम्ल. जड पाण्यातलं कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी जोडून ठेवणाऱ्या घटकाला, बांधून ठेवतं आणि दाणा टणक राहतो. छपरावरून साठवलेलं पावसाचं पाणी मृदू, चुनखडीतून झिरपलेलं झऱ्याचं पाणी जड. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही त्याचं कारणही हेच. अशा वेळी गाळलेलं मृदू पाणी वापरावं किंवा लिटरला दोन चिमूट खायचा सोडा घालावा. सोडा जास्त झाला तर मसुराचा लगदा होतो आणि साबणासारखी चव येते. आम्लाचंही तसंच, व्हिनेगर आधी पडलं तर तासभर उकळूनही साल मऊ होत नाही. म्हणून ते दाणा पूर्ण शिजल्यावरच घालतात.

चौघांना 250 ग्रॅम मसूर पुरतो. 80 ग्रॅम धुरावलेलं बेकन बारीक चिरून त्याच्याच चरबीत परतावं (शाकाहारी घरात 2 चमचे लोणी). त्यात एक कांदा, एक गाजर आणि सेलरी बारीक चिरून पाच मिनिटं परतून मसूर, 1 लिटर पाणी, 2 तमालपत्रं आणि 2 लवंगा घालाव्यात. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर 25 ते 30 मिनिटं लागतात. कुकर नको, शिट्ट्यांत दाणे फुटतात आणि या पदार्थात दाणा अख्खा दिसायला हवा.

तोवर दुसऱ्या कढईत 30 ग्रॅम लोणी आणि 30 ग्रॅम मैदा मध्यम आचेवर भाजत राहायचं. आठ-दहा मिनिटांनी भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाचा रंग आणि खमंग वास येतो, तिथे थांबायचं. काळपट झालं तर टाकून नव्याने करावं, कारण कडवटपणा कशानेही झाकला जात नाही. त्यात गार पाणी थोडं थोडं घालून गुठळ्या मोडाव्यात, मसुरात ओतून दहा मिनिटं उकळावं, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. पीठ जितकं जास्त भाजाल तितकी त्याची दाट करण्याची ताकद कमी होते, कारण उष्णतेने स्टार्च तुटतो. आता मीठ, अर्धा चमचा साखर आणि 3 मोठे चमचे व्हिनेगर. 5 ते 6 टक्क्यांचं सफरचंदाचं किंवा वाइनचं व्हिनेगर उत्तम. कृत्रिम पांढरं व्हिनेगर फक्त आंबटपणा देतं, गंध देत नाही.

सॉसेज बारीक, मेंढीच्या आतड्यात भरलेले असतात. ते उकळू नयेत. आच बंद केलेल्या गरम पाण्यात, साधारण 75 ते 80 अंशांवर, दहा मिनिटं ठेवावेत. उकळत्या पाण्यात साल फाटते आणि रस पाण्यात जातो.

मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, आणि मोटार उद्योगामुळे त्या भागात राहणारी मराठी कुटुंबंही आहेत. त्यांना आल्बचा मसूर परका वाटायचं कारण नाही. कऱ्हाड-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर मिळणारा अख्खा मसूर आणि हा, वनस्पती एकच. भारतीय दाणा लहान असतो आणि तो थोडा फुटून रस आपोआप दाट करतो, म्हणून तो वापरताना मैदा आणि लोणी निम्मंच घ्यावं आणि वीस मिनिटांनंतर दाणा दाबून पाहायला सुरुवात करावी.

उरलेला मसूर दुसऱ्या दिवशी घट्ट बसतो. त्यात अर्धी वाटी पाणी घालून गरम करावा आणि चमचाभर व्हिनेगर पुन्हा घालावं, कारण आदल्या दिवशीचा आंबटपणा पिठात आणि दाण्यात मुरून फिका पडलेला असतो. उरलेले श्पेट्सले लोण्यात कडा तांबूस होईपर्यंत परतून, आंबवलेला कोबी मिसळून खातात. कोबी आधी घट्ट पिळून घ्यावा, नाहीतर तवा पाण्याने भरतो आणि श्पेट्सले परतण्याऐवजी वाफवले जातात.