मोठ्या एसएमपीएसने (पीसीच्या आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायने) वीजबिल वाढत नाही
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भारी पीसी जुळवून घेताना हमखास ऐकू येतं, "८५० वॅटचा एसएमपीएस कशाला? बिल दुप्पट येईल!" साफ चूक. ८५० ही कमाल क्षमता. वीज ओढली जाते ती आतल्या भागांच्या गरजेइतकीच. गेम खेळताना प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड वगैरे मिळून ४५० वॅट लागत असतील आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर भिंतीवरच्या सॉकेटमधून ५०० वॅट जातात. वरचे ५० उष्णता होऊन वाया. बिलात फरक पडतो तो इथे, म्हणून '८० प्लस गोल्ड'सारखा कार्यक्षमतेचा शिक्का बघा. दीड लाखाच्या पीसीत बिननावाचा एसएमपीएस कृपया घालू नका. पुढे मोठं कार्ड घ्याल, तेव्हा बहुधा हाच ८५० वॅटचा पुरेल.