एका खोक्यात काय एकत्र ठेवू नये: पार्सल देणाऱ्या व मागवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्या रत्नागिरीच्या पेढीतून दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या दुकानदारांना, होमस्टे चालवणाऱ्यांना आणि बोटमालकांना माल जातो, आणि येथून मुंबई-पुण्याकडे घरगुती पार्सलेही जातात. आमचे बहुतेक ग्राहक जुने आहेत. वजन कसे आकारतात, पत्ता कोठे लिहायचा, पावती का जपायची, हे त्यांना सांगावे लागत नाही. तरीही एक प्रश्न काउंटरवर वरचेवर येतो: "दुकानात या सगळ्या वस्तू एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात, मग एका खोक्यात का चालत नाहीत?" प्रश्न रास्त आहे आणि गर्दीच्या वेळी त्याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे.

दुकानातल्या फळीवर बाटली उभी असते, हलत नाही, तिच्याभोवती मोकळी हवा असते आणि ती गळू लागली तर दुकानदाराला वासावरून लगेच कळते. खोक्यात यातले काहीच उरत नाही. हमाल "ही बाजू वर" हे वाचेलच याची खात्री नसते, घाटातल्या वळणांवर खोका तासन्‌तास हादरत असतो, आणि एखादे झाकण सैल पडले तर आतले द्रव बंद जागेत शेजारच्या वस्तूपर्यंत पोचते; ते खोका उघडेपर्यंत कोणाला दिसतही नाही. म्हणून माल घेताना आम्ही दोन वस्तूंचा एकत्र विचार करतो: ही बाटली गळली आणि शेजारचीही गळली, तर दोन्ही मिळून काय होईल?

हा विचार आमच्या मनचा नाही. धोकादायक मालाच्या वाहतुकीबाबत संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशी 1956 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाल्या आणि आजचे विमान व जहाज वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांवरच बेतलेले आहेत. त्यांत अशा मालाचे नऊ वर्ग केले आहेत आणि त्यांतले बरेचसे आपल्या घरातच सापडतात. डिओ आणि डासांचा स्प्रे दुसऱ्या वर्गात, म्हणजे दाबाखालच्या वायूंत, येतात. सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश आणि अल्कोहोलचे सेंट तिसऱ्या वर्गात, काडेपेटी आणि कापूर चौथ्या वर्गात, विहिरीत टाकायची टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, पाचव्या वर्गात, टॉयलेट क्लीनर आठव्या वर्गात आणि पॉवर बँक नवव्या वर्गात मोडते. ज्या पदार्थांचा एकमेकांशी संबंध आल्यावर आग, मोठी उष्णता, विषारी किंवा ज्वालाग्राही वायू निर्माण होईल, ते एकाच बाहेरच्या वेष्टनात ठेवू नयेत, असा त्या शिफारशींतला स्पष्ट नियम आहे. किरकोळ विक्रीच्या लहान बाटल्यांना "मर्यादित प्रमाण" म्हणून काही सवलती मिळतात, आणि त्यासाठी अख्ख्या खोक्याचे वजन 30 किलोच्या आत असावे लागते. पण त्या सवलतींनी हा एकत्र ठेवण्याचा नियम सैल होत नाही. "बाटल्या लहानच आहेत" हे म्हणणे म्हणूनच येथे उपयोगी पडत नाही.

टीसीएल आणि तिचे शेजारी

कोकणात सर्वाधिक घोळ टीसीएलमुळे होतो. पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायती, वाड्यांतले दुकानदार आणि होमस्टेवाले सगळेच ती मागवतात, आणि त्याच यादीत टॉयलेट क्लीनर, फिनेल, हात धुण्याचे द्रावण, डासांचे स्प्रे असा साफसफाईचा सगळा माल असतो. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे 33 टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. संडासाच्या भांड्यासाठी मिळणाऱ्या निळ्या द्रावणात साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असते. हे दोन एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी किंवा बसच्या डिकीत साचून राहतो, आणि माल उतरवायला वाकलेल्या माणसाच्या नाकातोंडात पहिल्यांदा जातो. एका होमस्टेच्या संपूर्ण हंगामाची साफसफाई एका खोक्यात बसवली तर पाचपन्नास रुपये वाचतात हे आम्हाला मान्य आहे, पण खोका उचलणारा हमाल आपल्याच गावातला असतो.

टीसीएलचे तेलकट व जळणाऱ्या पदार्थांशीही पटत नाही. रॉकेल, टर्पेंटाइन, ग्रीस, खोबरेल, भुसा यांच्यात ती मिसळली तर उष्णता वाढत जाते आणि आगही लागू शकते. आमचा सर्वांत मोठा आक्षेप जुन्या आंब्याच्या खोक्याला आहे, तो यासाठीच. हापूसचा हंगाम संपला की घरोघरी रिकामे खोके आणि पेंढा पडलेला असतो आणि तो वापरण्याचा मोह साहजिक आहे. पण आंब्याच्या खोक्याला हवा खेळण्यासाठी भोके असतात, त्यांतून आतले द्रव बाहेर येते व पावसाचे पाणी आत जाते, आणि आतला पेंढा म्हणजे सुकलेले जळण. अशा खोक्यात पेंढ्याच्या गादीवर टीसीएलची पिशवी आणि तिच्या कुशीला थिनरचा डबा ठेवलेला आम्ही पाहिला आहे. खोका फळांसाठी उत्तम आहे, या कामासाठी तो मुळीच नाही.

पोहण्याचा तलाव असलेल्या होमस्टेवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तलावासाठी मिळणाऱ्या मोठ्या क्लोरीनच्या गोळ्या बहुधा ट्रायक्लोर नावाच्या दुसऱ्या क्लोरीनयुक्त रसायनाच्या असतात. "हेही क्लोरीन, तेही क्लोरीन" असे म्हणून त्या आणि टीसीएल एकाच डब्यात ओतल्या जातात. रासायनिकदृष्ट्या त्या वेगळ्या आहेत, आणि ओलसर हवेत एकत्र आल्या तर जोरदार प्रतिक्रिया होऊन स्फोटक वायूही तयार होऊ शकतो. आपल्याकडची जून ते सप्टेंबरची हवा पाहता हा धोका पुस्तकी म्हणता येणार नाही. या दोन्ही मालांना आम्ही वेगळे खोके देतोच, शिवाय शक्य असेल तर वेगळ्या खेपेने पाठवतो.

स्प्रेचे डबे अ‍ॅसिडपासून दूर ठेवण्याचे कारणही हेच आहे. डिओचा डबा अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आणि गळलेले अ‍ॅसिड त्या धातूला खाऊन टाकताना हायड्रोजन सोडते. ज्या डब्यावर "50 अंश सेल्सियसच्या वर तापू देऊ नये" असे छापलेले असते, तो मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवताना निदान त्याच्या पत्र्याची ताकद तरी शाबूत असावी.

ज्या एका गोष्टीने सगळ्यांचा वेळ जातो

वरील गोष्टी आम्ही आपल्याला काउंटरवर दोन मिनिटांत सांगू शकतो आणि माल वेगळा करून देऊ शकतो. अडचण होते ती तेव्हा, जेव्हा खोका घरूनच चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंद होऊन येतो आणि त्यावर "घरगुती सामान" एवढेच लिहिलेले असते. अशा वेळी खोका उघडण्यास आम्ही सांगतो, ग्राहकाला तो अविश्वास वाटतो, मागे रांग खोळंबते, गाडीची वेळ टळते आणि खोका दुसऱ्या दिवसावर जातो. हे टाळण्याचा उपाय फार सोपा आहे: कृपया खोका उघडा आणावा किंवा सामान नुसते पिशवीत आणावे, आणि काय आहे त्याची चार ओळींची यादी सोबत द्यावी. मूळ बाटल्यांवरचे लेबल काढू नये. पाण्याच्या बाटलीत भरलेले कोणतेही रसायन, ते काय आहे हे ग्राहकाने कितीही खात्रीने सांगितले तरी, आम्ही घेऊ शकत नाही.

खोका उघडण्याचा आग्रह आम्ही धरतो यामागे कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 131 प्रमाणे धोकादायक मालाची पुरेशी व खरी माहिती वाहतूकदाराला देण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर आहे. रेल्वेने असा माल न सांगता पाठवल्यास रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि झालेले नुकसान भरून द्यावे लागते ते वेगळेच. "घरगुती सामान" हे शब्द लिहिल्याने ही जबाबदारी आमच्याकडे येत नाही, ती आपल्याकडेच राहते. पुढच्या गोदामात खोका फुटला तर आपल्या एका पार्सलसाठी त्या खेपेतल्या सगळ्यांचा माल अडकून पडतो, आणि मग ज्यांचे पापड-कोकम त्यात होते त्यांना उत्तर देताना आमची खरोखर कुचंबणा होते.

आम्ही बांधणी कशी करतो

आपण स्वतः बांधणी करणार असाल तर आमची पद्धत पाहून घ्यावी. द्रवाची बाटली प्रथम कोऱ्या कागदावर काही वेळ उलटी धरून ठेवतो. कागदावर ओल दिसली तर ती बाटली परत जाते. कोरडी असेल तर झाकणाभोवती टेप झाकण घट्ट होण्याच्या दिशेने फिरवतो. उलट्या दिशेने लावलेली टेप हादऱ्यांनी झाकण सैल करायला मदतच करते. मग बाटली जाड पॉलिथिनच्या पिशवीत, पिशवीचे तोंड बांधून, आणि सभोवती व्हर्मिक्युलाइट. हे खनिज असल्याने द्रव शोषते आणि पेटत नाही. रद्दी किंवा भुसा यांना ही दोन कामे एकत्र जमत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पातळ ब्लीच यांच्या काही बाटल्यांच्या झाकणाला वायू बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्र असते. त्या बाटलीला उलटी तपासणी लागू नाही, ती उभीच ठेवावी लागते व छिद्रावर टेप लावता येत नाही. बाहेरचा खोका पाच पदरी नवा पुठ्ठ्याचा असतो आणि त्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना वरच्या दिशेचे बाण लावतो.

हे सामान आणि बांधणी आमच्याकडे वाजवी दरात मिळते. दुसऱ्या खोक्याचे पैसे का, असे विचारले जाते. अ‍ॅसिडचा खोका आणि टीसीएलचा खोका वेगळे केल्यावर दोन्हींची बांधणी, वजन आणि उचल वेगळी होते, इतकेच त्याचे कारण आहे. नेहमीच्या दुकानदारांना आणि होमस्टेवाल्यांना आम्ही हंगामाची यादी आधी पाठवण्यास सुचवतो. तीवरून आम्ही माल आपल्या वतीने वर्गवार लावून ठेवतो, आणि बहुतेक वेळा तीन खोक्यांचे काम दोनांत बसते. फिनेल, साबण, झाडू, कापड हे कशासोबत बसवता येते हे ठरवणे हीच आमच्या कामाची खरी कसोटी आहे.

मुंबईला जाणारी भेट आणि विमानाचा प्रश्न

गणपतीत चाकरमानी मंडळी परतताना किंवा मागाहून पार्सल मागवतात, आणि त्यांत सेंट, डिओ, पॉवर बँक एकत्र असते. रस्त्याने जाणाऱ्या खोक्यात हे नीट बांधून जाऊ शकते. दूरच्या राज्यांतील जलद पार्सल मात्र बहुधा विमानाने जाते आणि तेथे नियम कडक आहेत. पॉवर बँक ही सुटी लिथियम-आयन बॅटरी मानली जाते, आणि अशा सुट्या बॅटऱ्या 1 एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानांतून माल म्हणून पाठवण्यास बंदी आहे. मालवाहू विमानातही त्या 30 टक्क्यांहून अधिक चार्ज केलेल्या चालत नाहीत. फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल दुरुस्तीसाठी पाठवायचा असेल तर आम्ही तो कोणत्याही मार्गाने घेत नाही. तो स्थानिक दुरुस्तीवाल्याकडेच न्यावा.

फटाके, पेट्रोल, लाद्या धुण्याचे सुटे अ‍ॅसिड आणि आंबे पिकवण्यासाठी वापरली जाणारी कार्बाइडची पुडी आम्ही कोणत्याही परिस्थितीत स्वीकारत नाही. कार्बाइडने फळे पिकवण्यास देशात कायद्याने बंदी आहेच, शिवाय ते ओले झाले की अ‍ॅसिटिलीन हा जळणारा वायू सुटतो, आणि ओलीशिवाय आपल्याकडे आंब्याची गाडी निघत नाही.

बोटमालकांसाठी

1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर शाकारल्या की फायबरचे काम निघते आणि रेझिन, ते घट्ट करणारे हार्डनर आणि ती क्रिया वेगाने घडवणारे कोबाल्ट यांच्या मागण्या येतात. कामाच्या ठिकाणी रेझिनमध्ये आधी कोबाल्ट मिसळून मग शेवटी हार्डनर घालतात, कारण हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांना भिडले तर स्फोट होऊ शकतो. हा क्रम प्रत्येक फायबरवाल्याला माहीत आहे. पण पार्सल करताना तेच दोन डबे एकमेकांना चिकटून ठेवले जातात. कारखान्यातून संच म्हणून मूळ बंद खोक्यात आलेले रेझिन व थोडे हार्डनर आम्ही तसेच पुढे पाठवतो, कारण त्यासाठी वेगळी मान्यताप्राप्त रचना केलेली असते. सुटे डबे असतील तर हार्डनर वेगळ्या खोक्यात, वेगळ्या गाडीने आणि उन्हापासून झाकून जाते. म्हणून ही मागणी मेच्या मध्यापर्यंत नोंदवावी, म्हणजे दोन्ही खेपा जूनचा पाऊस लागण्यापूर्वी आपल्या बंदरावर पोचतील.